बेलापूरच्या अंगणातला चीर पाइन: दुसऱ्या पावसाळ्यानंतर

माझ्या चीर पाइनच्या दोन्ही झाडांनी, एक कुंडीतलं आणि एक जमिनीतलं, पावसाळा काढला. एकाच्या शेंड्याचा घुशीने फडशा पाडला होता, पण तोही सावरलाय. त्याचं पुढे सांगतो.

आधी नेहमीचा प्रश्न. नवी मुंबईच्या उकाड्यात पाइन जगतो का? देवदार आणि ब्लू पाइनच्या नादी इथे लागू नका, त्यांना थंडी लागते. चीर (पायनस रॉक्सबर्घाय) मात्र हिमालयात पार साडेचारशे मीटरपर्यंत खाली उतरतो आणि तिथल्या दऱ्यांत मे-जूनमध्ये पारा चाळिशीला टेकतो. आपल्या उन्हाचं त्याला काही वाटत नाही. उलट सावलीत ठेवलात तर रुसतो. दिवसभर थेट ऊन मिळेल अशी जागा असेल तरच या भानगडीत पडा.

खरी परीक्षा पावसाची. जून ते सप्टेंबरात आपल्याकडे अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. पण डेहराडूनकडेही तो कमी पडत नाही, दोन हजारांच्या घरात जातो. फरक उताराचा आहे. तिकडे पाणी मुळांशी थांबतच नाही आणि आपल्याकडे लाल माती, कोकोपीट, शेणखत या ठरलेल्या मिश्रणात कुंडी ऑगस्टभर गच्च राहते. म्हणून माझ्या मिश्रणात निम्म्याहून जास्त चाळलेला मुरूम आहे, बाकी बारीक खडी आणि थोडा पालापाचोळ्याचा चुरा. कोकोपीट अजिबात नाही. बादलीभर पाणी ओतलं की डोळ्यांदेखत खालून निघून गेलं पाहिजे. जमिनीत लावलेल्या झाडासाठी आर्टिस्ट व्हिलेजमधल्या आमच्या अंगणाच्या कोपऱ्यात गुडघाभर उंचवटा केलाय, तोही मुरमाचाच. बुंध्याभोवती पालापाचोळा साचू देत नाही.

रोपं बियांपासूनची आहेत. हिमाचलमधून ताजं बी मागवलं, रात्रभर भिजवलं आणि वाळूत पेरलं. चीरच्या बियांना फ्रिजमध्ये ठेवायचे सोपस्कार लागत नाहीत. उगवताना बियांची टोपी डोक्यावर घेऊनच कोंब वर येतो आणि टोपी पडली की डझनभर दलं (बियांतली पहिली पानं) छत्रीसारखी उघडतात. बरीचशी रोपं याच वयात बुंध्याशी कुजून आडवी होतात. पाणी सकाळीच आणि हात आखडता ठेवून घातलं तर निम्मी तरी वाचतात.

नव्यांनी एक लक्षात ठेवा. लहान रोपाची पानं सुटी, आखूड आणि निळसर राखाडी असतात. तीन-तीनच्या जुडीतल्या लांब सुया नंतर येतात. त्यामुळे "फसवलं, हा पाइन नाही" म्हणून नर्सरीवाल्याशी भांडायला जाऊ नका. मोठ्या रोपाला मात्र तीनची जुडी दिसलीच पाहिजे. पाइन म्हणून सर्रास विकला जातो तो अरौकारिया, ते वेगळंच झाड आहे, आणि अलिबागच्या किनाऱ्यावरचा सुरू तर पाइनच्या कुळातलाच नाही.

आता घुशीचं. वीतभरच बुंधा उरला होता, रोप उपटून टाकणारच होतो. पण चीरची कोवळी रोपं वणव्यात वरून जळाली तरी बुडातून फुटतात, हे वाचलेलं आठवलं. काही आठवड्यांत खरंच बुडाशी फुटवे आले, आणि तेही पुन्हा बाळपणाची निळसर पानं घेऊन! त्यातला जोमदार एक ठेवला, बाकीचे खुडले. भोवती आता बारीक जाळी आहे.

मुळांतल्या बुरशीशिवाय पाइनची वाढ खुंटते आणि आपल्या मातीत ती असेलच याचा भरवसा नाही. रानीखेतहून परतणाऱ्या मित्राने चीरच्या झाडाखालची ओंजळभर कुजकी माती आणली, ती लावताना मिसळली होती. परवा कुंडी बदलताना पाहिलं तर मातीच्या गड्ड्याच्या कडेने पांढऱ्या तंतूंचं जाळं होतं आणि बारीक मुळांची टोकं बोथट, दुफाट झालेली. हेच हवं होतं. गड्डा न झाडता तसाच मोठ्या कुंडीत बसवला. खत जवळपास बंद आहे. भरपूर खत मिळालं की झाडाला त्या बुरशीची गरज उरत नाही.

कुंडीतलं झाड पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कुंडीतच राहील. जमिनीतलं वाढलं तर तीस मीटरच्या पुढे जाऊ शकतं, म्हणून भिंतीपासून लांबचा कोपरा दिलाय. शेजारच्या काकूंना तो आत्तापासूनच नाताळसाठी हवाय. त्यांना सांगितलंय, लाइटिंग लावा, फांदी तोडायची नाही.