७५५ की ७६०?

मार्चची अमावास्या, मसाई पठार. एमएस्सीची मुलं, आठ इंची न्यूटोनियन दुर्बीण, मोनो (कृष्णधवल) कॅमेरा आणि त्याच्यापुढे मिलिमीटरला १०० रेषांचं ग्रेटिंग, म्हणजे प्रकाश रंगांत फोडणारी काच. बघायचा होता कन्या राशीतला क्वेसार (दूरच्या दीर्घिकेचं झगझगीत केंद्र) थ्री-सी २७३, प्रत (तेजाचं माप) १२.९. याच्याच वर्णपटातल्या रेषांचं कोडं १९६३ साली मार्टेन श्मिट यांनी सोडवलं.

आग्नेयेला कोल्हापूरचा उजेड, त्यात कुठंतरी उसाचं पाचट पेटवलेलं. क्वेसार माथ्याकडे यायला एक वाजला.

ग्रेटिंग सेन्सरपासून ५० मिमी, पिक्सेल ३.७५ मायक्रॉनचा, म्हणजे पिक्सेलमागे ०.७५ नॅनोमीटर. ही पट्टी पक्की करायला आधी उत्तरा फाल्गुनी या ताऱ्याचा वर्णपट घेतला. त्यात हायड्रोजनच्या काळ्या रेषा ठसठशीत दिसतात. त्यानंतर फोकस रॅकनं हलवा, हरकत नाही, पण ग्रेटिंग आणि सेन्सरमधलं अंतर बदलू नका. एक मिलिमीटर सरकलं तरी पट्टी दोन टक्के चुकते आणि ०.१५८ ची रेडशिफ्ट (रेषा लाल बाजूला किती सरकल्या त्याचं प्रमाण) ०.१८ होऊन बसते.

साठ सेकंदांच्या चाळीस फ्रेम जोडल्या. हायड्रोजनच्या रेषांपैकी बीटा ४८६ नॅनोमीटरऐवजी ५६३ वर, गॅमा ४३४ ऐवजी ५०३ वर. दोन्हींतून ०.१५८. सगळ्यांत दणकट रेषा अल्फा, ती मात्र ७५५ वर. म्हणजे ०.१५०.

"सर, हे जुळंना की!"

जुळायलाच हवं होतं. प्रकाश निघाल्यापासूनच्या सुमारे २०० कोटी वर्षांत विश्व १.१५८ पट ताणलं गेलं, तर त्यातली प्रत्येक तरंगलांबी तेवढ्याच पटीनं ताणली जाणार. अल्फाला वेगळा नियम नाही. ०.००८ चा फरक म्हणजे सेकंदाला २,४०० किलोमीटर. पिक्सेलच्या चुकीत तो खपत नाही.

मग उत्तरा फाल्गुनीचा आलेख पुन्हा उघडला. ७६० च्या आसपास तिथंही खड्डा! तो आपल्याच हवेतल्या ऑक्सिजनचा. ६५६.३ गुणिले १.१५८ केलं की ७६० च येतं. शिखर नेमकं खड्ड्यात पडलेलं, वर उरला होता फक्त निळ्या बाजूचा खांदा. इतर क्वेसारना हा त्रास असेलच असं नाही, याच्या नशिबी मात्र तो आहे.

उपाय साधा: क्वेसारच्या वर्णपटाला ताऱ्याच्या वर्णपटानं भागायचं. दोन्ही जवळपास सारख्या उंचीवर असताना घेतलेले हवेत, नाहीतर हवेचा थर कमीजास्त होतो. भागल्यावर शिखर ७६० कडे सरकलं, पण तिथं नॉइज इतका की वहीत आकडा बीटाचाच लिहिला.