पावसाळ्यात न चिकटलेला थर

जुलैचा तिसरा आठवडा. पुण्यात चार दिवस पावसाची झड लागलेली आणि माझ्या हाती ग्राफीनचा, म्हणजे ग्राफाइटमधल्या एका अणूएवढ्या जाडीच्या कार्बनचा, एकही थर लागत नव्हता. पद्धत नेहमीचीच, 2004 साली गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी मँचेस्टरला वापरलेली. ग्राफाइटचा कपचा टेपवर ठेवून टेप दुमडायची, सोलायची, पुन्हा दुमडायची. मग ती सिलिकॉनच्या वेफरवर, म्हणजे पातळ चकतीवर, दाबून अगदी सावकाश ओढायची. ग्राफाइटच्या एका थरातले कार्बन अणू एकमेकांना घट्ट धरून असतात, पण थराला थर धरून असतो तो व्हॅन डर वाल्स आकर्षणावर, म्हणजे जवळ आलेल्या अणूंमधल्या हलक्या ओढीवर. पेन्सिल उमटते ती त्यामुळेच.

मार्चमध्ये हेच हात, हीच टेप चालत होती. आता वेफरवर नुसते जाड तुकडे.

मॅडम आल्या, वेफर चिमट्यात धरून तिरकी केली. "अगं, ही कोरडी कुठे आहे?"

"मॅडम, आत्ताच पुसलीय."

"दिसणारं पाणी नाही म्हणत मी. हवेतली वाफ बसते ना तिच्यावर."

मी गप्पच झाले. थर वेफरला चिकटतो तोही व्हॅन डर वाल्स आकर्षणावरच; आणि दोन अणूंमधलं अंतर दुप्पट केलं की या आकर्षणाची ऊर्जा 64 पटींनी घटते, हे एमएस्सीच्या मुलांना मीच फळ्यावर लिहून देते. मग मध्ये पाण्याचा कितीही पातळ पापुद्रा आला, तरी थर वेफरला बिलगणार कसा? तो टेपबरोबरच निघून जाणार!

नवी वेफर ऑक्सिजन प्लाझ्मात, म्हणजे विद्युतभारित ऑक्सिजन वायूत, स्वच्छ केली, लगेच टेप दाबली आणि तशीच 100 अंशांच्या हॉट प्लेटवर दोन मिनिटं ठेवली. गार झाल्यावर टेप ओढली.

मायक्रोस्कोपखाली जांभळट वेफरवर एक फिकट सावली दिसली, कडा सरळ, जणू कुणी ओला अंगठा फिरवलाय. मग रामन वर्णपट काढला, म्हणजे लेसरचा विखुरलेला प्रकाश तपासला; त्यात 2700 च्या आसपासचं शिखर सडसडीत, 1580 च्या शिखराहून कितीतरी उंच, ही एकाच थराची खूण. एकच थर! जाडी जेमतेम एका अणूची. ना गोंद, ना रासायनिक बंध, तरी वेफर उलटी धरली तरी जागचा हलला नाही. पुस्तकं या बलाला 'दुर्बल' म्हणतात. तो शब्द मला तेव्हापासून खटकतो.

वेफर डबीत ठेवली, तारीख टाकली आणि सिलिका जेलची पुडी आत सरकवली. बाहेर पाऊस चालूच होता.