हत्तीवर फुली

रविवार, रात्र

भांडी आवरून झाली, गॅलरीतले कपडे काढून घड्या घालून झाल्या, तरी ती लाल फुली काही डोक्यातून जात नाहीये. एवढं काय लागलंय मला त्यात?

मुक्ताला शाळेत प्रकल्प दिलाय. राणीच्या बागेत कुठले पाच मोठे प्राणी ठेवाल, कारणे द्या. तिने पहिलंच नाव हत्तीचं लिहिलं आणि स्केचपेनने खोडलं. म्हटलं, अगं, हत्ती नाही तर ती राणीची बाग कसली? आमच्या लहानपणी आम्ही जायचो ते हत्तीसाठीच. त्यावर कार्टीने वही उघडून मला वाचूनच दाखवलं. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने 2009 मध्येच सांगितलंय की प्राणिसंग्रहालयांतले हत्ती जंगलातल्या छावण्यांमध्ये हलवावेत. लंडनच्या जुन्या झूने 2001 मध्ये आपले हत्ती शहराबाहेर व्हिप्सनेडला नेले. हत्तीला दिवसाला शंभर-दीडशे किलो चारा लागतो, आणि त्याहून जास्त लागतं ते चालणं. कडक जमिनीवर उभं राहून राहून तळपाय फुटतात, नखांपाशी जखमा होतात, त्या भरत नाहीत.

"एक हत्ती ठेवला तर काय बिघडतं?" मी.

"एकच तर ठेवायचा नसतो ना, आत्या. हत्तिणी आयुष्यभर कळपात राहतात."

मग ठेव चार, म्हटलं.

"जागा कुठाय?"

हेच वाक्य, अगदी याच सुरात, दादाने गेल्या आठवड्यात आप्पांच्या बाबतीत... जाऊ दे. ते आज नको.

जागेचं तिचं खरंच आहे. 1862 ची बाग, एकर असतील पन्नासेक, त्यातही निम्मा जीव झाडांचा. मुळात ती वनस्पतींची बाग, प्राणी नंतरचे. तिथे भिंती पाडून हत्तींना रान कुठून द्यायचं? मग मला राग कशाचा आला? इतकी वर्षं मनात होतं की हत्ती आपल्याला आवडतो म्हणून तो तिथे असावा. आपल्या आवडीची सोय. बागेतल्या दोन हत्तिणींपैकी लक्ष्मी गेल्यावर अनारकली एकटी उरली, तेव्हा चुकचुकलो, आणि पुढच्या वेळी तिच्यासमोर उभं राहून फोटो काढले. सगळ्यांनीच काढले. पण म्हणून आमचं लहानपण असं स्केचपेनने खोडायचं? आम्हाला कुणी विचारलं तरी का? आम्हाला कशातच कुणी विचारत नाही, हे आता नवीन राहिलं नाही म्हणा.

तिची यादी मात्र वाईट नाही. अस्वल, कारण ते एकटंच राहतं. मगर, कारण ती तासन् तास हलत नाही. (दादाला वाचून दाखवायला हवं.) वाघ, पण पिंजऱ्यासाठी इतर बागांतून अदलाबदलीने आलेलाच, जंगलातला नाही. शक्ती आणि करिश्मा औरंगाबादहून आले होते तसा. पाणघोडा, कारण तळं आधीपासून आहे. आणि पाचवा गवा. हे मला पटकन कळलंच नाही. "गवा कशाला?" तर म्हणे, 2020 मध्ये कोथरूडला गवा शिरला होता, लोक मागे धावले, पकडताना बिचारा मेला. गवा कसा बुजतो हे लोकांनी आधी पाहिलेलं असतं तर मागे धावले नसते.

पकडली मी तिला. गवाही कळपातलाच ना?

"मग चार ठेवू. गवा हत्तीएवढा थोडाच आहे!"

हरले. नऊ वर्षांच्या मुलीशी वाद घालून हरण्यात सुद्धा एक प्रकारची विश्रांती असते, हे आज कळलं. परत बोलायला काही उरत नाही, गुमान चहा टाकायचा.

आता यादी ठरली आणि चित्रांची पंचाईत. स्टेशनरीच्या दुकानातल्या पाच रुपयांच्या तक्त्यावर हत्ती आहे, वाघ आहे, जिराफ सुद्धा आहे, गवा नाही. दुकानदार म्हणाला, "म्हैस चालेल का?" मुक्ताचा चेहरा बघण्यासारखा झाला. तेव्हा उद्या ऑफिसच्या रंगीत प्रिंटरवर गवा काढायचाय, जेवणाच्या सुट्टीत, साहेब खाली गेले की.