पीळ कुठवर जाऊ द्यायचा

पायानं चालवायच्या चरख्यावर शिकायला येणाऱ्याला वाटतं, बसल्याबसल्या हातात लोकर मिळेल. ती लगेच मिळू नये. आधी रिकामा चरखा चालवायचा, जमेल तितका मंद. चाक अगदी थांबायला आलं तरी उलटं फिरता कामा नये. ते उलटं फिरलं, की घातलेला पीळ उलगडतो आणि सूत चिमटीतच सुटून येतं. थांबताना पायडलचा दांडा वरच्या टोकाच्या किंचित पुढे ठेवला, तर पुढच्या वेळी पाय दाबताच चाक बरोबर दिशेनं निघतं. मोठ्या चाकाच्या एका फेऱ्यात फ्लायर, म्हणजे सुताला पीळ देऊन ते बॉबिनवर (रिळावर) गुंडाळणारा फिरता भाग, 6 ते 8 वेळा फिरेल अशी कप्पी नवशिक्याला पुरे. वेगाची हौस नंतर भागवता येते.

लोकरही निवडून घ्यावी. साधारण 8 ते 10 सेंटिमीटर लांब तंतूंची, थोडी खरबरीत असलेली बरी. मऊसूत मेरिनो सगळ्यांनाच हवीशी वाटते, पण ती बोटांतून निसटते आणि पीळही जास्त मागते.

आता खरी गोम. पुढची चिमूट पीळ अडवते आणि मागचा हात पेळू, म्हणजे कातायची मोकळी लोकर, सैल धरतो. दोन हातांतलं अंतर तंतूच्या लांबीपेक्षा थोडं जास्त हवं. नवशिका घाबरून हात जवळ आणतो, पेळू घट्ट आवळतो आणि ओढत बसतो. एकाच तंतूची दोन्ही टोकं मुठीत धरल्यावर तो सरकणार कसा? उलट चिमूट वेळेआधी सुटली, तर पीळ सरळ पेळूत शिरतो आणि पुढची बोटभर लोकर गाठोडं होऊन बसते. अशा वेळी झटापट करू नये. पाय थांबवावा, मागच्या हातानं पीळ उलट फिरवून सोडवावा आणि तंतू मोकळे करून पुन्हा निघावं.

पीळ नेहमी बारीक जागी धावतो. त्यामुळे बारीक भाग तारेसारखा कडक होतो, जाड भाग पोकळ राहतो आणि सूत बहुधा त्या पोकळ जागीच सुटतं. सूत बॉबिनवर जाण्याआधीच त्याला वेटोळी पडायला लागली, की सगळे ब्रेकच्या, म्हणजे सुताची ओढ कमीजास्त करणाऱ्या, खुंटीकडे हात नेतात. आधी पाय मंद करावा. तरीही सूत आत ओढलं जात नसेल, तर खुंटी अगदी किंचित आवळावी. हातातून हिसकलं जात असेल तर सैल करावी. आणि फ्लायरवरच्या एका आकड्यातून (हुकातून) सूत दुसऱ्यात घेत राहावं, नाहीतर बॉबिनवर एकाच जागी डोंगर होतो आणि वेटोळी घसरून गुंता होतो.

सांधा करताना दोन्ही टोकं पिंजून मोकळी करून 5-6 सेंटिमीटर एकावर एक ठेवायची. कडक, पिळलेल्या टोकाला सांधा धरत नाही.

दोन बॉबिन भरल्या की दोन्ही सुतं एकत्र पिळून दुपदरी करायचं, चाक उलट्या दिशेनं फिरवून. त्यानं एकेरी सुताचा जादा पीळ थोडा उतरतो आणि सूत शांत होतं. मग सुताची लड (मोठी सैल गुंडाळी) चार जागी सैल बांधून कोमट पाण्यात 20 मिनिटं बुडवावी. चोळायचं नाही, नाहीतर तंतू एकमेकांत घट्ट अडकून लोकरीचा नमदा होतो. टॉवेलमध्ये दाबून पाणी काढावं आणि मोकळी टांगावी. सरळ दिसावी म्हणून खाली वजन लटकवायचा मोह होतो. वजनानं ताणलेलं सूत विणलेल्या कपड्याच्या पहिल्या धुण्यात पुन्हा आखडतं.