अल्प मुदतीचा तुरुंगवास आणि पुन्हा घडणारा गुन्हा

तुरुंगातून सुटलेली व्यक्ती पुन्हा गुन्हा करते, तेव्हा आधीची शिक्षा पुरेशी कडक नव्हती असे अनेकांना वाटते. संशोधनाचा कौल मात्र तसा नाही. २०२१ मध्ये ११६ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा तुरुंगाबाहेरच्या शिक्षांच्या तुलनेत तुरुंगवासामुळे पुनर्गुन्हे कमी होत नाहीत, उलट काहीसे वाढू शकतात, असे आढळले.

ही तुलना सरळ नसते, हे मान्य केलेच पाहिजे. न्यायाधीश ज्याला तुरुंगात पाठवतात, त्याचा पूर्वेतिहास बहुधा अधिक गंभीर असतो. त्यामुळे तो पुन्हा गुन्ह्याकडे वळला, तर दोष तुरुंगाचा की त्या पूर्वेतिहासाचा, हे ठरवणे कठीण जाते. म्हणूनच सारखी पार्श्वभूमी असलेल्या गुन्हेगारांची तुलना करणारे अभ्यास मला अधिक विश्वासार्ह वाटतात. इंग्लंड आणि वेल्समधील २०१९ च्या अशाच एका सरकारी अभ्यासात, बारा महिन्यांपेक्षा कमी कैद झालेल्यांमध्ये पुनर्गुन्ह्यांचे प्रमाण समाजात राहून शिक्षा भोगणाऱ्यांपेक्षा सुमारे चार टक्के-बिंदूंनी अधिक आढळले.

कारण समजण्याजोगे आहे. नोकरी जाण्यास, भाडे थकून घर सुटण्यास आणि मुलांशी असलेले नाते विस्कटण्यास काही आठवडे पुरतात. व्यसनमुक्तीचे उपचार किंवा कौशल्यशिक्षण पूर्ण होण्यास मात्र तेवढा काळ अपुरा पडतो. याउलट नॉर्वेत, खटले जवळजवळ यादृच्छिक पद्धतीने न्यायाधीशांकडे जातात, म्हणजे सारखेच आरोपी निव्वळ योगायोगाने कडक किंवा सौम्य न्यायाधीशापुढे येतात, याचा आधार घेऊन झालेल्या अभ्यासात, तुरुंगवासानंतर गुन्हे घटल्याचे दिसले. पण हा लाभ मुख्यतः आधी बेरोजगार असलेल्या आणि तुरुंगातील कार्यक्रमांतून पुढे कामाला लागलेल्या कैद्यांना झाला. म्हणजे केवळ भिंतींनी काही साधत नाही. आत काय घडते, यावर बरेच अवलंबून असते.

समाजाला धोका असलेल्या हिंसक गुन्हेगाराला कोंडून ठेवणे आवश्यक असू शकते, आणि त्या प्रश्नाची चर्चा वेगळी आहे. स्कॉटलंडने मात्र २०१९ पासून, अन्य कोणतीही शिक्षा योग्य ठरत नसेल तरच न्यायालयाने बारा महिन्यांपर्यंतची कैद द्यावी आणि त्याची कारणे नोंदवावीत, असा नियम लागू केला. मला तो योग्य वाटतो. परंतु समाजात राहून शिक्षा भोगणाऱ्यांवर देखरेख ठेवणाऱ्या एकेका प्रोबेशन अधिकाऱ्यावर असंख्य प्रकरणांचा भार टाकला, तर पर्यायी शिक्षा कागदावरच राहते, आणि अटींचा किरकोळ भंग झाला म्हणून माणूस अखेर त्याच तुरुंगात पोहोचतो.