होखश्वाबवरचं धुकं आणि सहा शिट्ट्या

सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला चुनखडीच्या पठारावर सगळ्यात आधी काय खटकत असेल तर धरून चालायला काहीच नसतं. आपल्याकडे कितीही आडरानात घुसा, सोंड असते, नाळ असते, ओढा असतो, अगदीच नाही तर ढोरवाट असते. ऑस्ट्रियातल्या होखश्वाबवर (शिखराची उंची २२७७ मीटर) पाऊस भरपूर, बर्फ त्याहून जास्त, आणि वर ओढा म्हणून नाही, कारण सगळं पाणी पडल्या पडल्या भेगांतून आत जातं आणि सुमारे दीड हजार मीटर खाली साल्झा नदीच्या खोऱ्यात झऱ्यांतून बाहेर पडतं. त्यातला क्लेफर नावाचा झरा बर्फ वितळायच्या दिवसांत सेकंदाला १०,००० लिटरपर्यंत पाणी देतो. १९१० पासून या झऱ्यांचं पाणी १८० किमी लांबीच्या बंदिस्त पाटातून, कुठेही पंप न लावता, साधारण ३६ तासांत व्हिएन्नाच्या नळांना पोचतं.

माझं काम ह्याच पाण्याचं. पठारावर एका उभ्या विवरात आमचा लॉगर, म्हणजे तापमान मोजून नोंदवत राहणारं यंत्र, लटकवलाय आणि शेजारी पावसाचं पाणी साठवायचा डबा आहे. त्यातलं बाटलीभर पाणी आयसोटोप टेस्टला, म्हणजे ऑक्सिजनचे हलके-जड प्रकार मोजायला, जातं. जितक्या उंचावरचा पाऊस तितका त्यात जड ऑक्सिजन कमी, त्यामुळे खाली झऱ्यात आलेलं पाणी साधारण किती उंचीवर पडलं होतं ह्याचा अंदाज लागतो. बरोबर असतात आमचे फील्ड टेक्निशियन, साठीला टेकलेले, त्याच खोऱ्यात जन्मलेले. तोंडावर मी त्यांना नावाने हाक मारते, डोंगरात तिकडे सगळेच एकमेकांना अरेतुरे करतात, पण मनात ते काकाच.

सप्टेंबरअखेर होती. रात्री शीस्टलहाउस ह्या वरच्या डोंगरी हटवर मुक्काम, सकाळी निघताना काकांनी नेहमीप्रमाणे अल्टिमीटर (हवेच्या दाबावरून उंची दाखवणारं यंत्र) हटच्या उंचीला, म्हणजे २१५३ मीटरला लावला आणि मलाही लावायला लावला. शिखराच्या पश्चिमेला मार्क केलेली वाट सोडून आम्ही उत्तरेला उतरलो. नकाशावर लॉगर तिथून जेमतेम किलोमीटरभर, आणि जायला लागले जवळजवळ दोन तास. ज्यांनी हे पठार पाहिलं नाही त्यांना हे पटत नाही. अख्खी जमीन खळग्यांनी भरलेली, त्याला डोलाइन म्हणतात, कुठे घराएवढे तर कुठे क्रिकेटच्या मैदानाएवढे, आणि नकाशावरच्या कंटूर (समान उंचीच्या रेषा) २० मीटरच्या, म्हणजे १५ मीटर खोल खळगा दोन कंटूरच्या मधे आला की नकाशावर सपाट दिसतो. मधले दगड पाण्याने असे कापलेले की धारेवर हात ठेवला तर तळवा सोलून निघतो. काका बागकामाचे जाड चामडी हातमोजे घालतात, तळव्याला भोकं पडलेले, दर वर्षी नवीन घेईन म्हणतात. आणि खाली उतरलं की लात्शन, म्हणजे कंबरेएवढा आडवा पसरलेला बुटका पाइन. त्याच्या फांद्या उताराकडे झुकलेल्या असतात त्यामुळे उतरताना वाट देतात आणि चढताना भाल्यासारख्या छातीवर येतात, खाली भेगा झाकलेल्या असतात त्या वेगळ्याच.

जीपीएस असतो की, असं सगळे म्हणतात. असतो, आणि उघड्या पठारावर उत्तम चालतो. पण तो सांगतो तुम्ही कुठे आहात, पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते नाही सांगत. सरळ रेषा धरली की दर पन्नास मीटरवर एक खड्डा आडवा येतो, त्याला वळसा घातला की रेषा गेली. म्हणून काका आधी समोर एक ओळखू येणारा दगड ठरवतात, कुठल्या बाजूने गेलो तरी त्या दगडापाशीच भेटायचं, मग पुढचा दगड. कंटाळवाणं काम आहे पण दुसरा उपाय मला तरी माहीत नाही.

लॉगरचा डेटा उतरवला, बाटली भरली, लेबल लावलं, आणि धुकं आलं. तीसेक पावलांपलीकडे सगळं पांढरं. आता समोरचा दगडच दिसेना, मग काका होकायंत्र घेऊन उभे आणि मी पुढे, ते "डावीकडे, अजून डावीकडे, थांब" असं ओरडणार, मी थांबले की ते माझ्यापर्यंत येणार. असं चाललेलं असताना शिट्टी ऐकू आली. गाम्स, म्हणजे तिकडची रानटी शेळी, घाबरली की शिट्टीसारखाच आवाज काढते आणि होखश्वाबवर त्यांचे कळपच्या कळप आहेत, म्हणून मी लक्षच दिलं नाही. काका मात्र घड्याळ बघत होते. मिनिटात सहा, मग मिनिटभर शांत, मग परत सहा. आल्प्समधे हा मदतीचा ठरलेला इशारा आहे, उत्तर मिनिटाला तीन. आम्ही तीन दिल्या आणि पलीकडून धडाधड शिट्ट्या सुरू झाल्या, मोजणी गेली उडत.

आवाज उत्तरेकडून येतोय असं मला छातीठोकपणे वाटत होतं. काका म्हणाले तिकडे भिंत आहे, आपटून येतोय, खड्ड्यात असलेल्या माणसाचा आवाज एकाच जागेवरून कानाने शोधू नकोस. विवरासाठी आणलेला ४० मीटरचा दोर होता, त्याचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि मला डावीकडच्या उंचवट्यावर पाठवलं. दोघांनी एकाच वेळी होकायंत्राने आवाजाची दिशा घेतली, तीन-चारदा घेतली, एकमेकांशी जुळली तेवढीच धरली. त्यांची २२५ आली, माझी २४५. मधे तीसेक मीटर अंतर आणि वीस अंशांचा फरक म्हणजे माणूस ऐंशी-नव्वद मीटरवर.

आणि होता. एका डोलाइनच्या तळाशी, गेल्या हिवाळ्याच्या शिळ्या बर्फावर बसलेला, तिशीतला मुलगा. काठावरून घसरून थेट बर्फावर गेला होता, लागलं नव्हतं फार, पण वर यायला चार-पाच मीटरची ओली गुळगुळीत फरशी. मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे डोंगर बचाव पथकाचा १४० नंबर माहीत असूनही उपयोग शून्य. दोर टाकला, काकांनी एका कपारीत बसकण मारून धरला आणि तो वर आला. त्याच्या फोनवर अजून बाण चालू होता, हटकडे दाखवणारा. अंतर ९०० मीटर झालं, मग ८७०, मग ९१०, असं तो तासभर फिरत होता म्हणे. आधी पाणी मागितलं. माझ्या सॅकमधून बाटली डोकावत होती ती त्याने बघितली आणि मला नाही म्हणावं लागलं, सँपल होतं ते. काकांनी थर्मासमधला चहा दिला.

पुढे मला खरी काळजी वेगळीच होती. दक्षिणेला चढत गेलं की मार्क केलेली वाट आडवी लागणार हे नक्की, पण ह्या दगडांवर वाट झिजलेली दिसतच नाही, असतात ते फक्त दहा-पंधरा मीटरवर एकेक लाल-पांढरे-लाल पट्टे. दोन पट्ट्यांच्या मधून ओलांडून गेलो तर थेट पलीकडच्या दक्षिण कड्याकडे. लॉगरची उंची आम्हाला पक्की माहीत होती, तिथेच अल्टिमीटर परत लावून घेतले होते (हवेचा दाब पडत असला तर सकाळचं सेटिंग तासा-दोन तासांत वीसेक मीटर चुकू शकतं). वाटेची उंची जवळ आली तसं काकांनी तिघांना आडव्या ओळीत पसरवलं, मधे दहा-दहा पावलं, एकमेकांना हाका मारत, पावलागणिक दगड न्याहाळत. पट्टा त्या मुलालाच सापडला. इतक्या जोरात ओरडला की मला वाटलं परत पडला.

डावीकडे वळलो आणि शीस्टलहाउस गाठलं. तिथे वर झरा नाही, त्यामुळे हटवर पावसाचं साठवलेलं पाणी वापरतात. व्हिएन्नाला पाणी देणाऱ्या डोंगराच्या डोक्यावर ही परिस्थिती! मुलगा दोन वाट्या सूप प्यायला आणि काकांना किती पैसे देऊ विचारायला लागला, काकांनी बिअर सांगितली.

खाली आल्यावर मी लॉगरची साइट-नोंद नव्याने लिहिली. फॉर्ममधे को-ऑर्डिनेट्सचा रकाना सक्तीचा आहे म्हणून ते वर आहेतच, पण खाली आता काकांचे दगड एकेक करून आलेत, फोटोंसकट, कुठल्या बाजूने वळसा आणि कुठे लात्शन टाळायचं ते सगळं. काकांनी वाचून एकच दुरुस्ती सांगितली, तिसरा दगड दोन वर्षांत कलंडणार आहे, त्याच्याऐवजी वेगळा धर.