हिरव्या पट्टीतली एक ओळ

फॉर्म भरून ‘सेव्ह’ दाबलं की पानाच्या माथ्यावर हिरव्या पट्टीत एक ओळ येते, ‘माहिती जतन झाली.’ ती कुणी नीट वाचत नाही. पण एखाद्या दिवशी आलीच नाही, तर माणूस बिचकतो आणि बटण पुन्हा दाबतो. ही एवढीशी ओळ पानापर्यंत सुखरूप आणताना किती पदर सांभाळावे लागतात, हे जावात वेब अ‍ॅप्लिकेशन लिहिणाऱ्यांना विचारा.

घोटाळ्याचं मूळ चांगल्या सवयीत आहे. पोस्टला, म्हणजे फॉर्म घेऊन आलेल्या मागणीला, उत्तर म्हणून थेट पान दिलं, तर रिफ्रेश केल्यावर ब्राउझर तोच फॉर्म पुन्हा पाठवू पाहतो. म्हणून सर्व्हर पान देतच नाही; ‘त्या पत्त्यावर जा’ एवढंच सांगतो. यालाच रिडायरेक्ट म्हणतात. यासाठी १९९७च्या एचटीटीपी १.१मध्ये, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरच्या बोलण्याच्या नियमांत, ३०३ हा उत्तराचा वेगळा क्रमांकही आला. सर्व्हलेटचं, म्हणजे सर्व्हरवर उत्तर देणाऱ्या जावा कोडचं, सेंडरिडायरेक्ट मात्र आपणहून ३०२ हा जुना क्रमांकच पाठवतं आणि ब्राउझर त्याचा अर्थ सोयीने लावतात. चालतंय ते चालतंय.

पण रिडायरेक्ट म्हणजे नवी रिक्वेस्ट, नवी मागणी, आणि एचटीटीपीला मागचं काही आठवत नाही. जुन्या रिक्वेस्टला लावलेला निरोप, म्हणजे आपली हिरवी ओळ, तिच्याबरोबरच संपतो. फॉरवर्ड केलं असतं, म्हणजे सर्व्हरने आतल्या आत दुसऱ्या पानाकडे सोपवलं असतं, तर टिकला असता, कारण तिथे रिक्वेस्ट तीच राहते. पण मग रिफ्रेशचं दुखणं परत आलं. जेएसएफ या जावा फ्रेमवर्कमध्ये फेसेसमेसेज, म्हणजे तिथला निरोप, असाच वाटेत हरवायचा. पहिल्या आवृत्त्यांच्या काळात लोक फेजलिसनर (पान बनण्याच्या टप्प्यांवर चालणारा कोड) लिहून निरोप सेशनमध्ये, म्हणजे सर्व्हरने त्या वापरकर्त्यासाठी राखलेल्या जागेत, लपवत आणि पुढचं पान रंगायच्या आत बाहेर काढत. २००९ साली जेएसएफ २.०मध्ये फ्लॅश, म्हणजे पुढच्या रिक्वेस्टपुरताच टिकणारा कप्पा, आला आणि ही सगळी कसरत ‘सेटकीपमेसेजेस’च्या एका ओळीवर आली. स्प्रिंग या दुसऱ्या जावा फ्रेमवर्कवाल्यांना असाच आराम २०११च्या ३.१ आवृत्तीत मिळाला.

खरी गंमत मला पुढेच वाटते. निरोप टिकवणं अवघड नाहीच. सेशनमध्ये टाका, राहील पडून. अवघड आहे ते त्याला वेळेवर निरोप देणं. सेशनमधून काढायचा राहिला, तर लग्नघरातल्या मुक्काम ठोकलेल्या पाहुण्यासारखा तो प्रत्येक पानावर हजर. आपण यादी बघतोय, शोधतोय, आणि वर ‘माहिती जतन झाली’ आहेच! पुढच्याच रिक्वेस्टला पुसायचा ठरवला, तर दोन टॅब उघडणारे लोक असतात. एका टॅबमध्ये सेव्ह केलं, त्याच क्षणी दुसऱ्या टॅबने काहीतरी मागितलं, आणि पट्टी भलतीकडेच झळकली. स्प्रिंगने यावर शहाणपणा केलाय: रिडायरेक्ट करताना निरोपावर पुढच्या पानाचा पत्ता लिहिला जातो आणि तीन मिनिटांत तो कुणी नेला नाही तर रद्द होतो. टॅबची भानगड याने पूर्ण मिटत नाही. दोन्ही टॅब एकाच पत्त्यावर असले की पुन्हा तेच. तरी मला ही मुदत फार आवडते. कोड लिहिताना कुणीतरी निरोपाच्या मरणाचाही विचार केला होता.

या सगळ्याला कंटाळून काही जण पत्त्याच्या शेपटालाच ‘सेव्ह झालं’ अशी खूण जोडतात. सेशन नको, फ्लॅश नको. उपाय साधा आहे, मीही त्याला नावं ठेवणार नाही. फक्त तो पत्ता कुणी बुकमार्क केला किंवा सहकाऱ्याला पाठवला, की त्या बिचाऱ्याने अजून कशालाही हात लावलेला नसतो आणि पट्टी त्याला सांगत असते, माहिती जतन झाली.